होयबाचं "जमणार नाही"

गेल्या गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास होयबाने दोनशे ऐंशी माणसं मारली. परीक्षक मागच्या खुर्चीत बिस्किट खात होते. त्यांनी ते शांतपणे संपवलं, हात झटकले आणि म्हणाले, "सगळे गेले. पुढच्या गुरुवारी परत या."

विमान खोटं होतं, सिम्युलेटरचं. माणसंही खोटीच. पण होयबाला तेव्हापासून घास गोड लागेना. त्या दोनशे ऐंशीत लहान मुलं किती असतील, त्यांना न्यायला विमानतळावर कोण आलं असेल, असल्या विचारांनी तो घरभर येरझाऱ्या घालायचा. चटई झिजली.

होयबा हे त्याचं घरातलं नाव. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. एकदा न्हाव्याने "भुवयाही कोरू का?" विचारलं, तर हा पुढे महिनाभर दचकल्यासारख्या चेहऱ्याने विमान चालवत होता.

एरवी सहवैमानिकाला हा गुणच. आकाशात दोन विमानांत उंचीचं हजार फूट अंतर राखायचं, आणि त्यासाठी जमिनीवरचा कंट्रोलर सांगेल तसं वर-खाली व्हायचं. अपवाद एकच. विमानं फारच जवळ आली की कॉकपिटमधलं यंत्रच ओरडतं. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून एकाला वर धाडतात, दुसऱ्याला खाली. तेव्हा कंट्रोलर काहीही म्हणो, ऐकायचं यंत्राचं. कंट्रोलरला फक्त कळवायचं, "जमणार नाही."

त्या गुरुवारी यंत्र म्हणालं, खाली. कंट्रोलरच्या भूमिकेतले परीक्षक म्हणाले, वर. होयबा म्हणाला, "हो सर," आणि वर गेला. समोरचं विमानही वरच येत होतं.

आज दुपारी दोनला दुसरी परीक्षा. तीत नापास झाला तर विमान चालवणं सुटणार आणि ऑफिसात बसून बाकीच्या वैमानिकांच्या रजा मंजूर करायच्या. रजेचे अर्ज होयबाच्या हाती पडले तर एकही विमान उडणार नाही, हे कंपनीलाही कळत होतं.

म्हणून सकाळीच ताईने स्वयंपाकघरात तालीम घेतली. ताई शाळेत पी.टी. शिकवते. तिने त्याच्या हातात कढईचं झाकण दिलं. "हे तुझं सुकाणू. मी यंत्र. बाबा, तुम्ही कंट्रोलर."

बाबा वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी हात वर केला की तीस वर्षं ट्रक थांबत आले होते. पोटच्या पोराची काय कथा.

"खाली!" ताई ओरडली.

"वर जा रे," बाबा म्हणाले.

होयबा गुडघे वाकवून मधेच अडकला.

"अरे, खाली बस की!"

"बाबा वर म्हणतायत ना."

"बाबा म्हणणारच! तू काय म्हणायचंस?"

"जम… जमेल तसं बघतो."

"मेले," ताई म्हणाली. "पुन्हा. खाली! नाही, नाही, वर!"

"यंत्र असं पलटत नाही गं! म्हणजे पलटतं, पण क्वचित."

"मग आज क्वचित आहे असं समज."

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "जरा ही पिशवी धर, आलेच," म्हणाल्या आणि गेल्या. अर्ध्या तासाने होयबा निघाला तेव्हाही काकू आल्या नव्हत्या. पिशवी त्याच्या हातातच होती.

सिम्युलेटरमध्ये त्याने ती पायांशी ठेवली. परीक्षकांनी पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

चाळीस मिनिटं काहीच घडलं नाही. निळं आकाश, कापसाचे ढग. होयबा नुसता मान खाजवत होता. काहीतरी होऊ दे एकदाचं, असं त्याला वाटलं, आणि वैमानिकाने असं वाटून घेऊ नये हेही लगेच वाटलं.

यंत्र ओरडलं: खाली, खाली!

"वर या," परीक्षक म्हणाले. आवाज थेट बाबांसारखा. "ताबडतोब वर."

होयबाच्या जिभेवर "हो" आलं, दातांपर्यंत पोचलं. त्याला ते दोनशे ऐंशी दिसले, आणि आजचे दोनशे ऐंशी वेगळे. त्याने ऑटोपायलट सोडला आणि विमानाचं नाक खाली दाबलं.

"जमणार नाही!" तो इतक्या जोरात ओरडला, की बाहेरचा तंत्रज्ञ दार उघडून आत डोकावला.

तोच यंत्राने शब्द फिरवला: वर! आता वर!

होयबाने नाक वर ओढलं. यंत्र क्वचित पलटतं, पण ताई सकाळी हेच करत होती. समोरचं विमान पोटाखालून सूं करून गेलं.

परीक्षकांनी कागदावर बरोबरची खूण केली. "छान. बरं, तेवढी माझी बॅग गाडीपर्यंत…"

"जमणार नाही," होयबा म्हणाला, आणि स्वतःच इतका घाबरला, की काकूंची पिशवी उराशी धरून जिन्याने पळाला.

खाली येऊन त्याने घरी फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"कंट्रोलर वर म्हणाला, बाबा. मी नाही ऐकलं."



"वाचले किती?"

"सगळे. दोनशे ऐंशी."

"मुलं धरून?"

"मुलं धरून."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. आणि ये लवकर, काकू दारातच बसल्यात. त्यांच्या घराची किल्ली पिशवीत आहे म्हणे."