प्रार्थनेच्या वेळी बाहेर

ताट पुढ्यात आलं आणि आमच्या बोंडीनं पुन्हा डोळे मिटले. हे खूळ तिनं हल्लीच काढलं होतं. मी हातात डाव घेऊन उभी, सून पाणी भरतेय, मुलगा पहिला घास तोंडाशी नेऊन थांबलेला, आणि ही एवढीशी पोर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटतेय. मी डाव मुद्दाम भांड्यावर आपटला. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

स्वयंपाक मी केलेला. त्यासाठी कापूस पिंजून पिंजून तिच्या बापाचं नाक चोंदलेलं. आभार मात्र भलत्यालाच. मी हे मोठ्यानं म्हटलं, तर मुलगा ताटात बघत राहिला. माझा मुलगा खोटं बोलत नाही, तो नुसता ताटात बघतो.

आमचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे पिंजण्याचं यंत्र, वर आम्ही. कापूस आमच्या केसांत असतो, भुवयांवर असतो, कधी कधी भाजीतही असतो. नात जन्मली तेव्हा तिचे आजोबा तिला बघून म्हणाले, हे तर कापसाचं बोंड. तेव्हापासून ती बोंडी.

आमच्या घरात देव नाही. मी सासरी आले तेव्हा माझी प्रार्थना माझ्याबरोबर आली होती. नवऱ्यानं ती माझ्याकडून हिसकावली नाही. तो नुसता प्रश्न विचारायचा. हे कुणाला म्हणतेस, तो ऐकतो हे तुला कशावरून कळलं, आपलं ऐकतो आणि शेजारणीचं का ऐकत नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. उत्तर शोधत बसायची. शोधता शोधता एक दिवस ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत म्हटलंच नाही, आणि काही बिघडलंही नाही. त्यानंतर मी कुणापुढे डोळे मिटले नाहीत. नवरा गेला तेव्हाही नाही. त्यानं आपला देह डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना देऊन टाकला होता. गाडी आली, घेऊन गेली. नातेवाईक म्हणाले, काहीतरी करा, निदान दोन शब्द तरी म्हणा. मी खाली जाऊन अर्धी राहिलेली गादी शिवायला घेतली. एकेका टाक्याला दोरा असा ओढला की गादी आजही दगडासारखी आहे, कुणी विकत घेईना.

तर अशा घरातली ही पोर. आणि जवळ शाळा एकच धड, ती धर्मसंस्थेची. दुसरी एक आहे, पण तिथं मास्तर येतात ते हजेरीपुरते. धर्मसंस्थेच्या शाळेत रोज सकाळी मोठ्या खोलीत प्रार्थना, आणि आठवड्यातून एकदा धर्माचा तास. नाव घालायला मी स्वतः गेले होते. मोठ्या बाईंना मी सांगितलं, आमची मुलगी प्रार्थनेला बसणार नाही. त्या हसून म्हणाल्या, आमची कुणावर सक्ती नाही. ज्यांना नको त्यांनी बाहेर व्हरांड्यात बसावं. मी विजयी होऊन घरी आले. मला काय माहीत की ‘ज्यांना नको ते’ म्हणजे साऱ्या शाळेत आमची एकटीच.

आता इथं मी जे केलं ते गादीवाल्याच्या घरातच होऊ शकतं. व्हरांड्यातला बाक अरुंद आणि सकाळचा गार. मी म्हटलं, पोरीला थंडी वाजायला नको. उत्तम कापूस निवडला, लाल चकचकीत कापड घेतलं, चारी कडांना दुहेरी शिवण घातली, मधे नक्षीचे टाके, आणि हातभर लांबीची अशी देखणी गादी करून दिली की मोठ्या दुकानात मिळणार नाही. बोंडी ती काखेत मारून रोज शाळेत जायची. मी गिऱ्हाइकांना सांगायची, आमची नात प्रार्थनेला बसत नाही, आपल्या गादीवर बसते.

सूनबाई दवाखान्यात नर्स आहे. जखमेकडे बघायची तिला सवय. तिनंच एक दिवस गादी उलटी करून मला दाखवली. मागच्या बाजूला खडूनं मुकुट काढला होता. प्रार्थनेवरून परतणाऱ्या मुली रांगेत चालता चालता बोंडीपुढे वाकायच्या आणि ‘राणीसाहेब’ म्हणायच्या. नंतर त्यांनी वाकणंही सोडलं. तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पोर गादी शाळेच्या फाटकाबाहेरच्या झुडपात लपवायला लागली होती, आणि घरी येताना झटकून आणायची.

“आई, तुमचं म्हणणं बरोबर असेल,” सून म्हणाली, “पण बरोबर तुम्ही आहात आणि बाहेर ती बसते.”

मी तिला बरंच ऐकवलं. तुझे सासरे असते तर, इथपासून सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले आणि कामावर गेली. मुलगा म्हणाला, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, आता सगळ्यांबरोबर बसू दे. मी विचारलं, मोठी झाल्यावर ठरवायला तिच्याजवळ आपलं काय उरलेलं असेल. तो ताटात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत जाऊन आला, आणि पोर आत बसायला लागली. मी पुष्कळ दिवस दोघांशी बोलले नाही. त्यांना ते सुखाचंच गेलं असणार.

गंमत अशी की पहिल्याच दिवशी बोंडीला सगळी प्रार्थना तोंडपाठ येत होती. व्हरांड्याच्या भिंतीला कान लावून तिनं ती शिकून घेतली होती. बाहेर बसलेल्याला करायला दुसरं असतं काय?

मी डाव आपटला त्या दुपारी जेवणं झाली, मुलगा यंत्राशी गेला, आणि मी बोंडीला दोरा धरायला खाली घेऊन आले. मी लांब सुईनं गादीला टाके घालत होते, ती रिळाशी बसली होती. मी विचारलं, ताटावर बसून काय पुटपुटतेस ते मला तरी सांग.

“आजोबांसाठी म्हणते,” ती म्हणाली.

“त्यांना काय झालंय?”

“तेच तर माहीत नाही ना.”

मी सुई थांबवली. मग थोडं थोडं करून बाहेर आलं. धर्माच्या तासाला बाई म्हणाल्या होत्या की ज्याच्यासाठी मागं कुणीच प्रार्थना करत नाही तो अंधारात चाचपडत राहतो. बोंडीनं हिशेब केला. बाबा करत नाहीत, आई करत नाही, आजी तर नाहीच. म्हणजे आजोबा अंधारात, आणि त्यांचा चष्मा तर इथं कपाटात. म्हणून ती म्हणायची. जेवताना, शाळेत, आंघोळीच्या वेळी, जमेल तितक्यांदा.

मी तिला सांगितलं की आजोबा अंधारात नाहीत. ते उजेडातही नाहीत. ते कुठेच नाहीत.

“कुठेच म्हणजे कुठे?”

नवरा असता तर त्यानं सांगितलं असतं. त्याला असले प्रश्न आवडायचे. दिवा विझला की ज्योत कुठे जाते, असं काहीतरी विचारून त्यानं तिला हसवलं असतं. मला एवढंच सुचलं की आठवणीत आहेत म्हणावं, आणि ते मला म्हणवेना, कारण दिलासा द्यायला म्हणून बोललेलं त्याला खपत नसे. मी टाका ओढला. ती रीळ धरून वाट बघत राहिली. मग म्हणाली, “मी म्हटलं की मला झोप लागते, आजी.” आणि ती अशी माझ्याकडे बघायला लागली, जणू झोप लागणं हाही घरात चालत नसलेलाच प्रकार.

मी तशीच, केसांतला कापूसही न झटकता, शाळेत गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत गेले. मेलेल्या माणसाला तुम्ही अंधारात ढकलता आणि त्याला बाहेर काढायचं काम एवढ्याशा पोरीवर टाकता, असं म्हणायचं होतं, आणि मी ते म्हटलं. मोठ्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. अशी गोड माणसं भांडायला फार वाईट. त्या म्हणाल्या, त्या बाईंनी तुमच्या घराचं नाव घेतलं नव्हतं, सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. मुलीनं ते मनाला लावून घेतलं याचं मला वाईट वाटतं. मी बोलते त्यांच्याशी.

“पण आजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणत असाल तर ती उद्यापासून पुन्हा बाहेर बसेल. आमची सक्ती नाही.”

सक्ती असती तर किती बरं झालं असतं. मी फाटकात ठाण मांडलं असतं, चार लोक गोळा केले असते, घसा बसेपर्यंत भांडले असते. दार सताड उघडं असताना धडका कुठे मारायच्या? मी विचारलं, आत न बसता आणि बाहेरही न बसता शाळेत राहायची काही सोय आहे का. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, आमची शाळा प्रार्थनेपासून सुरू होते, गणित त्यानंतर येतं. मला ते पटलं नाही, पण त्या लबाडी करत नव्हत्या एवढं कळलं. उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात प्रार्थना म्हणायला त्यांनी बोंडीला निवडलं होतं. सगळ्यांत स्पष्ट तीच म्हणते, बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी बोंडीला विचारलं, परत बाहेर बसशील का? तिनं चिडून नाही, रडून नाही, साधं विचारलं, “एकटी?” मी म्हटलं, जा, खेळ जा.

कार्यक्रमाला जाणार नाही असं मी जाहीर केलं होतं. सूनबाईनं आग्रह केला नाही, फक्त माझं चांगलं लुगडं इस्त्री करून खुर्चीवर ठेवलं. तिला माझी नस बरोबर सापडते. मी गेले. मोठी खोली आईबापांनी भरलेली. मुलगा आणि सून कडेला उभे, मला मधल्या रांगेत खुर्ची मिळाली. बोंडी वर आली. केस चापून बसवलेले, त्यात कापसाचा एक धागा नाही. तिनं हात जोडले आणि सगळी खोली उठून उभी राहिली.

मी उठले नाही. हे मी घरूनच ठरवून आले होते. नवरा कधी उभा राहिला नव्हता, आणि आता तो नाही म्हणून मी राहावं हे मला जमणार नव्हतं. सगळ्यांच्या पाठींमध्ये मी एकटी बसलेली, मान ताठ, हात मांडीवर. कुणी बघावं, कुणी विचारावं, का हो, तुम्ही का बसलात, असं मला वाटत होतं. उत्तर तयार होतं. पुष्कळ वर्षं तयार होतं.

शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि वाकून म्हणाली, “बसा आजी, बसा. गुडघे दुखत असतील. त्याला चालतं.”

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात बोंडीनं सुरुवात केली. पोरीचा आवाज असा स्वच्छ लागला की त्यावर बोलायचं म्हणजे धुतलेल्या फरशीवर चिखलाचे पाय टाकणं. मी तोंड मिटलं. तो हात खांद्यावर तसाच राहिला, प्रार्थना संपेपर्यंत. फार मायेनं ठेवलेला होता तो.

नंतर बोंडी धावत आली. तिच्याबरोबर एक मैत्रीण होती, तिची वेणी बोंडीच्या हातात. मैत्रिणीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “तुझी आजी का गं बसून होती?”

मी बोंडीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“तिचे गुडघे दुखतात,” बोंडी म्हणाली. “फार दुखतात. तिला जिनाही चढवत नाही.”

मी रोज दिवसातून कितीदा जिना चढते ते तिला माहीत आहे. कापसाचं गाठोडं पाठीवर घेऊन चढते. तिनं हात पुढे केला, मला उठवायला. हात घामानं ओला होता. मैत्रीण बघत होती. मी तो हात धरला, दुसरा हात खुर्चीवर टेकवला, आणि हळूहळू, कण्हत, म्हाताऱ्या बाया उठतात तशी उठले. दारापर्यंत तिच्या खांद्यावर भार टाकून चालले. मुलगा काय झालं म्हणून पुढे आला, तर सुनेनं त्याला मागं ओढलं.

फाटकाबाहेर मैत्रीण तिच्या वाटेनं गेली. बोंडीनं माझा हात सोडला नाही. बरंच अंतर गेल्यावर तिनं खाली बघूनच विचारलं, “आजी, कसं म्हटलं मी?”

“खणखणीत म्हटलंस,” मी म्हणाले. “एक शब्द गिळला नाहीस. आणि खोटं बोललीस तेही तितकंच खणखणीत. पहिलं तुला शाळेनं शिकवलं. दुसरं आम्ही.”