सायकलला बांधलेली मोजपट्टी

मी मोजपट्टी बोलतेय. दप्तरातली नव्हे, ती वीतभर पोरगी. मी शिंप्याची. एक मीटर लांब, कडक लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी टोपणं. आयुष्यभर कापड मोजलं आणि आता उतारवयात रस्ता मोजतेय. हसू आलं तर खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या.

मला घडवलं एका सुतारानं, ते मास्तरांच्या सांगण्यावरून. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. मला न्यायला आले तेव्हा त्यांनी पोलादी पट्टी शेजारी ठेवून माझ्यावरची एकेक रेघ तपासली. सुतार कंटाळून म्हणाला, "मास्तर, सून बघायला आलाय का?"

"त्याहून जास्त," मास्तर म्हणाले. "ही खोटं बोलली तर माझ्या गिऱ्हाइकाची बाही आखूड होईल."

मी खोटं बोलले नाही. तीस वर्षं त्यांच्या कापायच्या टेबलावर राबले. मास्तरांना दोन मुली. थोरली अभ्यासू आणि बोलण्यात पटाईत. धाकटी दिवसभर टेबलाखाली चिंध्या गोळा करायची, मग टेबलाजवळ उभी राहून बघायला लागली, मग एक दिवस कात्री हातात घेतली ती घेतलीच. दुकानात "थोडंसं", "जरासं" असले शब्द चालायचे नाहीत. धाकटी म्हणाली, "बाबा, कंबर जराशी सैल आहे," की मास्तर डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "जराशी म्हणजे किती?" त्यांचाच स्वभाव माझ्यात उतरलाय. अंदाजपंचे कारभार दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, मास्तर गेले, दुकान बंद झालं. मला कपाटामागे उभं केलं गेलं. धाकटीच्या गळ्यात ती लवचिक टेप रुळायची, माझी सवत. मी मात्र कोळ्यांना जाळी विणायला दांडी पुरवत बसले. राग आला होता, कबूल करते. धाकटीचा इलाज नव्हता. तिनं नवाच मार्ग काढला होता. ज्यांना कुठल्याच दुकानापर्यंत जाता येत नाही, त्यांच्या घरी ती सायकलवरून जायची. एक आजोबा होते, त्यांच्या हाताची बोटं वळत नसत. त्यांच्या शर्टाची बटणं काढून ती चिकटपट्टी लावायची. चाकाच्या खुर्चीत बसणारी एक शिक्षिका होती, तिच्या पँटी मागून उंच आणि पुढून खोल बेतायच्या. अशी तीसेक घरं. ती घरी येऊन शिवायला बसली की स्वतःशीच बोलायची, "आजोबा आज हसले बाई." मला कपाटामागे सगळं ऐकू यायचं.

आणि मग एके दिवशी ती उजवा हात गळ्यात बांधून घरी आली.

इस्पितळाजवळच्या वळणावर मागून आलेल्या गाडीच्या आरशानं तिच्या कोपराला फटका दिला होता. गाडी थांबली नाही. धाकटी रस्त्यावर, पिशवी फुटपाथवर, टाचण्या गटारात. हाताला प्लास्टर, सहा आठवडे. उजवा हात नसला तर कात्री चालवणार कोण?

तिला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. तक्रार लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, "गाडी किती जवळून गेली?" ही म्हणाली, "खूप जवळून." ते म्हणाले, "खूप म्हणजे किती?" मास्तरांच्या मुलीला आकडा सांगता आला नाही. घरी आल्यावर तिनं हे स्वतःलाच तीनदा सांगितलं.

थोरली धावत आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, विम्याच्या ऑफिसात मोठ्या पदावर आहे, पांढऱ्या गाडीतून फिरते. तिनं धाकटीचे केस विंचरले, भांडी घासली, आणि ओढणी कमरेला खोचून समोर बसली. "हे बघ, सायकल बास झाली. माझ्या ओळखीच्या बाईंचा गणवेशांचा कारखाना आहे. बसल्या जागी कॉलर शिवायच्या. पगार वेळेवर. हाडं शाबूत."

"दिवसभर कॉलर, ताई?"

"कॉलरनं कुणी मरत नाही. रस्त्यावर लोक कसे गाडी हाकतात ते मी रोज बघते. त्यांना डोळे नसतात."

"मग माझी घरं?"

"तुझ्या घरांसाठी मी तुला गमावू?" थोरली म्हणाली. खरं सांगते, मला तिची बाजू पटत होती. शेवटी धाकटीनं एवढंच मागितलं, "प्लास्टर निघाल्यावर एक महिना दे. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं सही करते." थोरलीनं नाखुशीनं हो म्हटलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी धाकटीनं कपाट सरकवलं आणि मला बाहेर काढलं. माझ्यावरची जाळी पुसली. मला वाटलं, आता टेबलावर नेणार. पण ती मला घेऊन जिन्याखाली गेली, सायकलपाशी. सायकलच्या कॅरिअरवर मला आडवं ठेवून तिनं रुंद इलॅस्टिकनं करकचून बांधलं, कमरपट्टीत घालतात तेच. तीस सेंटिमीटर कॅरिअरवर, सत्तर बाहेर, गाड्या जातात त्या बाजूला. धक्का बसला तर मी पुढे वळावं आणि पुन्हा जागेवर यावं, म्हणून इलॅस्टिक. बाहेरच्या टोकाचं पितळ तिनं जाड लोकरी कापडाच्या खोळीत झाकलं आणि खोळीच्या टोकाला शिंप्याचा चपटा गुलाबी खडू बसवला. कपड्यात जिथं दुरुस्ती करायची तिथं ज्यानं खूण करतात, तोच.

"कुणाच्या गाडीला ओरखडा नको," ती मला म्हणाली. "पण चुकलं कुठं, ते दिसलं पाहिजे."

पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. बाई गं, काय ती माणसं. एक जण गाडी चालवता चालवता दाढी करत होता. एक बाई मांडीवर कागद ठेवून वाचत होत्या. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारे तर पैशाला पासरी. हॉर्न वाजवला की पुढचा माणूस हवेत विरून जातो अशी त्यांची ठाम समजूत असते. आणि सगळ्यांना घाई. आमच्या अंगावरून सणकन पुढे जायचं आणि पुढच्या सिग्नलला आमच्याच शेजारी येऊन उभं राहायचं. धाकटी तेव्हा त्यांच्याकडे बघायची. ते समोर बघायचे.

पहिल्या आठवड्यात मी अकरा गाड्यांवर रेघ मारली. चार दिवसांत खडू संपला.

सामान पोचवणारा एक टेंपोवाला मात्र भडकून खाली उतरला. "बाई, ही काठी कशाला बाहेर काढलीय? रस्ता अडवायला?"

"मला जेवढी जागा लागते तेवढीच आहे दादा," धाकटी म्हणाली. "खडू आहे, पुसून देते." तिनं पिशवीतलं फडकं काढून त्याच्या टेंपोवरची रेघ खरोखर पुसली. वाकताना तिच्या कोपराचा ताजा व्रण त्याला दिसला.

"कुणी केलं हे?"

"थांबला नाही तो."

टेंपोवाल्यानं फडकं तिच्या हातातून घेतलं, उरलेलं स्वतः पुसलं आणि गेला. त्यानंतर तो दिसला की चांगला पलीकडून जायचा. एक तरी सुधारला म्हणून मी खूश होते. पण एका टेंपोनं शहर बदलत नाही हो. तिसऱ्या आठवड्यात एक बस इतकी घासून गेली की मी इलॅस्टिकसकट गरगर फिरले आणि धाकटी सायकल भिंतीला टेकवून रडली. त्याच्या पुढच्या गुरुवारी, इस्पितळाच्या त्याच वळणावर, एक गाडी पुन्हा माझ्या टोकाला चाटून गेली. धाकटीची सायकल लटपटली, तिनं पाय टेकला. मान वर करेपर्यंत गाडी दिसेनाशी झाली होती. त्या दिवशी पुढची दोन घरं तिनं फोन करून रद्द केली. असं तिनं कधीच केलं नव्हतं.

रविवारी थोरली आली, कारखान्याचा अर्ज घेऊन. महिना भरला होता.

मी खाली जिन्याच्या दाराशी होते, सायकलसकट; वरचं बोलणं उघड्या खिडकीतून ऐकू येत होतं. वर चहा झाला. थोरलीला वाद घालावाच लागला नाही. धाकटी म्हणाली, "दे ताई. करते सही. मला आता भीती वाटते." मला इतकं वाईट वाटलं. पण तिला दोष कसा देऊ?

"पेन गाडीत राहिलं बहुतेक," थोरली म्हणाली. दोघी खाली उतरल्या. पांढरी गाडी सायकलच्या पलीकडेच उभी होती. आणि तिच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एक गुलाबी रेघ होती.

"हे कुणी केलं?" थोरली वैतागली. "आमच्या इमारतीतली कार्टी असणार."

धाकटी रेघेजवळ गेली. तिनं गळ्यातली टेप सोडली, जमिनीपासून रेघेपर्यंत मोजलं. मग सायकलकडे आली आणि जमिनीपासून माझ्या टोकापर्यंत मोजलं. दोन्हीकडे बहात्तर सेंटिमीटर.

"गुरुवारी सकाळी तू इस्पितळावरून गेलीस?" तिनं विचारलं.

"गेले की. का?"

"तिथं एक सायकल होती."

थोरलीनं आठवायचा प्रयत्न केला. "असेल. मी फोनवर होते. तुझ्याच कामाचं बोलत होते कारखान्यात. होती कुणी तरी सायकलवाली, मला वाटलं होईल बाजूला." मग तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या टोकावरच्या गुलाबी खडूकडे. तिनं गाडीवरच्या रेघेला बोट लावून बघितलं.

"मी होते ताई."

थोरली जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं जागा आहे."

"सगळ्यांना वाटतं."

"तुला लागलं असतं. माझ्या हातून." ती रडायला लागली, लहानपणी टाचणी टोचल्यावर रडायची तशी, नाक ओढत. धाकटी फडकं घेऊन रेघ पुसायला गेली तर थोरलीनं तिचा हात धरला. "पुसू नकोस. राहू दे. मला रोज दिसू दे." मग अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये परत ठेवली. "सही नको करूस. चूक मी करायची आणि सायकल तू सोडायची, हे कुठलं माप?"

"पण मला भीती वाटते, ते खरंच आहे."

"वाटू दे," थोरली म्हणाली. "उद्या किती वाजता निघणार?"

सोमवारी आम्ही निघालो. इस्पितळाच्या वळणानंतर उड्डाणपुलाचा चढ लागतो, तिथं धाकटीचा वेग मंदावतो आणि गाड्यांचा धीर सुटतो. मागे एक गाडी आल्याचं मला जाणवलं. ती पुढे जाईना. हॉर्नही वाजवेना. तिच्या मागे मात्र भोंग्यांचा नुसता गदारोळ उठला होता. धाकटीनं घाबरून मान वळवली. मागे पांढरी गाडी होती, दारांवर गुलाबी रेघ मिरवत. थोरली दोन्ही हातांनी चाक धरून, पाठ ताठ करून, आमच्या मागून सायकलच्या चालीनं येत होती. मागचे लोक तिच्या नावानं शंख करत होते आणि विम्याच्या ऑफिसातली ती मोठी बाई निमूट ऐकून घेत होती. पूल संपला तशी ती पलीकडच्या पट्ट्यात गेली आणि आमच्यापासून इतक्या लांबून पुढे गेली की माझ्या टोकाला नुसता वारा लागला. गेल्या महिन्याभरात मला एवढी मोकळी हवा मिळाली नव्हती.

ती रोज येत नाही, तिलाही नोकरी आहे. पण तिच्या ऑफिसातले सहकारी रेघेबद्दल विचारतात आणि ती स्वतःची चूक सगळ्यांना खुलासेवार सांगते. बोलण्यात पटाईत, म्हटलं ना. कोण ऐकतं, कोण विसरतं, मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की माझा खडू आता बारा-बारा दिवस पुरतो. धाकटीची भीती गेलेली नाही, पण तिची बत्तीस घरं झालीत.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. चार पावलं मागे थांबा, पलीकडून जा, नाहीतर पूल संपेपर्यंत कळ काढा. जागा आहे की नाही याचा अंदाज करू नका. आमच्या घरात अंदाज चालत नाही.

चला, मास्तरांची धाकटी सायकलचं कुलूप काढतेय. आजोबांचा नवा शर्ट तयार आहे, नऊला पोचायचंय. मागून कुणी येत असाल तर दमानं या. पुढे आम्ही आहोत.