थोरलीची पद्धत

धाकटी जाऊ मोठी झाली ती एका लेखामुळे, आणि तो लेख थोरलीच्या डोक्यातून उचललेला होता. निदान थोरली तसं धरून चालली होती. तिने एकदा एखादी गोष्ट धरली की घरात कुणाची प्राज्ञा नव्हती ती सोडवून घ्यायची.

दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच विद्यापीठात नोकरी करायच्या. धाकटी प्राध्यापक. एका देशाची पदवी दुसऱ्या देशाने कशी आणि का मानावी, हा तिचा विषय. त्यावर बोलायला तिला विमानाची तिकिटं यायची. थोरली परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात मुख्य कारकून. बावीस वर्षं एकाच खिडकीशी बसून खुर्चीची गादी तिच्या आकाराची झाली होती. तिला बोलावणी यायची ती शिक्के मारायला.

त्या खिडकीवर कधी कधी कागद नसलेली मुलं यायची. लढाईत, पुरात, आगीत सगळं गेलेलं. म्हणायची, आम्ही तीन वर्षं शिकलोय, पण दाखवायला काही नाही. साहेब लोक हात वर करायचे. थोरली त्यांना आत बोलवून कोरा कागद आणि पेन्सिल द्यायची. "तुझं कॉलेज काढ. फाटक कुठे, ऑफिस कुठे, फी भरायची रांग कुठपर्यंत जायची, सगळं." मग तिकडचा एखादा कारकून हुडकून त्याच्याशी फोनवर ताडून बघायची. खोटा मुलगा पुढचा मोठा दरवाजा काढायचा, कारण तो फोटोत असतो. खरा मुलगा मागची खिडकी काढायचा, जिथे तो दोन दोन तास ताटकळलेला असायचा. बावीस वर्षांत ती दोनदाच फसली.

हे तिने धाकटीला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. धाकटीने त्याला भलंमोठं नाव दिलं, आकडे घातले, चाळीस पानं केली. लेख जगभर वाचला गेला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे आभार.'

"ताई, त्यात तुम्हीच आहात की," धाकटी म्हणाली होती.

"हो ना. मी, दोन शिपाई आणि झाडूवाली. चौघांत वाटून घेऊ."

तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं उरलं. धाकटीच्या नवऱ्याने मध्ये पडून बघितलं. "वहिनी, जाऊ द्या ना, घरातलीच आहे." थोरली म्हणाली, "भाऊजी, बाहेरच्याने नेलं असतं तर मी तक्रार तरी केली असती."

आता त्याच लेखाच्या जोरावर धाकटीला परिषदेवर घ्यायचं घाटत होतं. ही परिषद म्हणजे नाना देशांतले शिक्षणातले जाणते सातजण. कुठली पदवी कुठे चालेल, हे ते ठरवत, आणि विद्यापीठं मान डोलवत. आठवी खुर्ची रिकामी झाली होती. सोमवारी मुलाखत होती, लॅपटॉपवरून. जुन्या वळणाची माणसं ती, त्यांनी टपालाने पत्र पाठवलं होतं. त्यात एवढंच होतं, 'आमच्या घड्याळाने दुपारी अडीच.'

इतकी वर्षं तिकडच्या वेळेची इकडची वेळ थोरलीच काढून द्यायची. तिचं ते रोजचं काम होतं. या खेपेला धाकटी पत्र घेऊन दारात येऊन उभी राहिली, तेव्हा थोरली मान वर न करता म्हणाली, "आता तू मोठी माणूस. बोटं आहेत ना? मोज."

धाकटीने मोजलं आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'सोमवार, संध्याकाळी सहा.'

थोरलीने चिठ्ठी वाचली आणि तिथेच थबकली. रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकणार होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सरकतात. दरवर्षी ती स्वतः तशी सूचना टाइप करून फलकावर लावते, मुलांनी घरी अवेळी फोन करू नयेत म्हणून. या वर्षीचीही लावून झाली होती. म्हणजे मुलाखत सहाला नव्हती, पाचला होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शनिवारी ते वाक्य तिच्या ओठांवर आलं, तर धाकटी फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "माझी पद्धत आता चार देश वापरतायत." थोरलीने वाक्य गिळलं. रविवारी पुन्हा आलं. धाकटी आरशापुढे मुलाखतीचा सराव करत होती, 'मी जेव्हा या मुलांसमोर बसते...' कधी बसली होती ही? थोरली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि चिमटे असे लावले, जशी कुणाचे कान पकडतेय.

सोमवारी दोघींनी अर्धी रजा घेतली. धाकटीने मुलाखतीसाठी, थोरलीने डोकं दुखतंय म्हणून. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवला होता, मागे पुस्तकांची चळत. पावणेपाचला धाकटी केस धुवायला गेली. थोरली स्वयंपाकघरात घड्याळाकडे पाठ करून बसली.

पाच वाजून चार मिनिटांनी तिचा फोन वाजला. परिषदेच्या सचिव बाई होत्या. या बाईंशी तिचं बावीस वर्षांचं फोनवरचं नातं. कागद ताडता ताडता एकमेकींच्या गुडघेदुखीपर्यंत पोचलेल्या. बोलायच्या परक्या भाषेत, थोरलीची ती मोडकीतोडकी, पण अडायचं नाही.

"तुमच्या जाऊबाई कुठे आहेत? सातही जण येऊन बसलेत. दहा मिनिटं थांबतील, मग पुढच्याला घेतील."

'घरी नाही' एवढंच म्हणायचं होतं. थोरलीने श्वास घेतला आणि विचारलं भलतंच. "त्यांच्यापुढे तिचा लेख आहे ना? शेवटचं पान बघा बरं. माझं नाव आहे?"

पानं चाळल्याचा आवाज आला. "नाही हो. कर्मचाऱ्यांचे आभार आहेत."

"मला वाटलं, तुमच्या प्रतीत तरी असेल."

"मग काय सांगू त्यांना?"

थोरलीच्या पोटात वर्षभर जे जळत होतं ते आता डोक्यात चढलं. चांगुलपणा वगैरे काही नाही. सातजण तिथे बसलेत, तिच्याच कामाबद्दल ऐकायला, आणि ती इथे फोडणीच्या पळीशी चाळा करत बसली होती.

"बटण कुठलं दाबायचं ते सांगा," ती म्हणाली. जाता जाता तिने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "अगं, तुझी माणसं आलीत."

"कोण?" आतून आवाज आला.

"सातजण."

धाकटी डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आली, तर खुर्चीत थोरली. पदराला हळदीचा डाग, चष्मा कपाळावर, आणि पडद्यावरची सात डोकी पुढे झुकलेली. एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, "पण कॉलेजही गेलं आणि कारकूनही गेला, तर?"

"मग त्या कॉलेजची दोन मुलं शोधते," थोरली म्हणाली. "दोन खोल्यांत बसवते. दोघांनी नळ एकाच जागी काढला, तर दोघं खरी."

सातहीजण लिहून घेऊ लागले. लेखात हे नव्हतं. भाजी संपली होती तेव्हा, सांगायचं राहून गेलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात थोरलीला मागे उभी असलेली धाकटी दिसली. तिचा चेहरा बघून थोरली चपापली. वर्षभर असाच चेहरा घेऊन ती स्वतः फिरत होती.

"सहाला होतं ना?" धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. सातजणांना भाषा कळत नव्हती. ते सभ्यपणे हसत होते.

"पाचला. काल त्यांची घड्याळं पुढे गेली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि बोलला नाहीत."

"नाही बोलले."

धाकटीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. "उठा आता."

"उठते. त्यांना हवं ते आधी सांग."

म्हातारे गृहस्थ तेच विचारत होते. ही पद्धत नेमकी कुणाची? प्राध्यापकांची की या बाईंची? धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरलीने नजर हलवली नाही. सूड घ्यायला आता धाकटीला एक वाक्य पुरलं असतं, तेही थोरलीला ठाऊक होतं.

"यांची," धाकटी म्हणाली. कडू काढा प्यायल्यासारखी म्हणाली, पण स्पष्ट म्हणाली. "मी फक्त लिहिली. यांचं नाव घालायला हवं होतं. नाही घातलं."

सचिव बाई काहीतरी टिपून घेताना दिसल्या. थोरली उठली, पदराने खुर्चीवर ठिबकलेलं पाणी पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं, पण कडी लावली नाही. फटीला कान लावून उभी राहिली.

धाकटी बोलत होती. ओल्या केसांनी, तयारी बिघडलेली, तरी कसं धारेसारखं बोलत होती. कागद नसलेल्या एका मुलाला रांगेतून परत पाठवणं म्हणजे काय, हे तिने असं सांगितलं की पलीकडे सातही पेनं थांबली. थोरलीने त्या मुलांना समोर बसवून पाहिलं होतं, पण असं सांगणं तिला सात जन्मांत जमलं नसतं. हे तिचं तिला कळलं, आणि कळलं म्हणून अंगाची आग झाली.

तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या जोरात परत आपटलं.