डाव्या पिळाचा दोर

ताझूला जाऊन पन्नास दिवस झाले. तिच्या नवऱ्याचं, जिन्पाचीचं सुतक रीतीप्रमाणे फिटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी देवळाचा मुख्य पंच कुरामोची दारात हजर झाला.

"चल रे जिन्पा. पेंढा तयार आहे. वर्ष सरायला बाराच दिवस राहिलेत. दोर वळायला कधी बसतोस?"

दर वर्षअखेरीला देवळावर पेंढ्याचा नवा दोर चढे. डाव्या पिळाचा, मांडीएवढा जाड. हजार वर्षांत एकदाही चुकला नाही, असं गाव सांगे. वळायचा मान जिन्पाचीच्या घराण्याचा. बाईने त्याला हात लावायचा नाही.

"मला जमणार नाही."

"दुःख कळतं रे. पण वहिनी असती तर तिनेच तुला ढकलून बाहेर काढलं असतं."

जिन्पाचीने हात पुढे केले. बोटं मिटत नव्हती. "एकोणीस वर्षं अशीच आहेत."

"थट्टा करतोस? गेल्या सालचा दोर काय मांजराने वळला?"

"ताझूने. एकोणीसच्या एकोणीस तिने वळले. मी कोठाराच्या दाराशी राखण करायचो."

कुरामोची पायरीवर बसला. "हळू बोल. लोकांना कळलं तर पूर आला तोही तिच्यामुळे, शाळा बंद पडली तीही तिच्यामुळे म्हणतील. मेलेल्या बाईच्या नावाने गाव बोटं मोडेल. मी शहरातून तयार दोर आणतो. तूच वळलास म्हणून सांगू."

जिन्पाचीने खुंटीवरचा कोट काढला. दर साली लोक त्याची पाठ थोपटायचे. ताझू बायकांच्या रांगेत मागे उभी राहून स्वतःच्याच दोराला हात जोडायची. घरी आल्यावर तरी छान झाला म्हणावं, तेही त्याने कधी म्हटलं नव्हतं.

त्याने कोट चढवला.

"कुठे निघालास? जिन्पा, ऐक माझं!"

देवळाच्या अंगणात पाच-सहा म्हातारे मोगरीने पेंढा बडवत होते. जिन्पाची कमानीखालून आत गेला. देवळावरच्या जुन्या दोराकडे बघून म्हणाला, "हा माझ्या बायकोने वळलाय. आधीचे अठराही तिनेच."

मोगऱ्या थांबल्या. एकाने हातातला पेंढा खाली टाकला आणि हात कोटाला पुसले. कुणी शिवी दिली नाही, कुणी शाबासही म्हटलं नाही.

सगळ्यांत थोरला गेन्साकू म्हणाला, "मग यंदा कोण वळणार? तिने कुणाला शिकवलं होतं?"

"कुणाला शिकवणार होती, गेन्साकूदादा?" जिन्पाची म्हणाला. "शिकायला कोण बसलं असतं तिच्यापुढे?"