बर्फाचे गिरमिट, मुक्काम मालवण

मित्रांनो, मी एक जुने गिरमिट आहे. सुताराचे नव्हे, बर्फाचे. कमरेएवढा जाड बर्फ भेदून गोठलेल्या सरोवराच्या काळजाला हात घालणे हे माझे जीवितकार्य. माझ्या एका गर्जनेने हिमप्रदेशाची शांतता दुभंगत असे. सध्या मी मालवणजवळच्या एका वाडीत न्हाणीच्या भिंतीला टेकून उभे असते आणि माझ्या मुठींवर पंचे वाळत घालतात.

माझी अंगकाठी साधी आहे. वर पेट्रोलचे लहानसे इंजिन, दोन बाजूंना दोन मुठी, खाली छातीपर्यंत येईल एवढा लोखंडी पेच आणि पेचाच्या टोकाला दोन धारदार पाती. दोरी ओढून इंजिन चालू करायचे, मला बर्फावर उभे करायचे आणि मुठी घट्ट धरायच्या. पुढचे मी बघते. भोक पडले की माणूस त्यात गळ सोडतो आणि शेजारी स्टूल टाकून बसतो. मासा लागेपर्यंत बसतो. बहुतेकदा लागत नाही. तरी तो उठत नाही. या खेळाला तिकडे करमणूक म्हणतात.

तिकडे म्हणजे कॅनडात. तिथे एका म्हाताऱ्याने मला बरीच वर्षे वापरले. हिवाळा संपला की तो माझी टाकी रिकामी करी, पाती पुसून तेल लावी आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवी. एका हिवाळ्यात तो आला नाही. मग त्याच्या घरचे सामान अंगणात मांडून विकायला काढले आणि मला देवेशने घेतले.

देवेश मालवणकडचा मुलगा. शिकायला म्हणून गेलेला आणि गोदामात कामाला लागलेला. मासे धरायचे यंत्र म्हटल्यावर त्याला बहुधा घरची आठवण आली असावी. मित्रांबरोबर त्याने मला एकदाच सरोवरावर नेले. मी चोख भोक पाडले. मासा मिळाला नाही, बोटे मात्र सगळ्यांची बधिर झाली. घरी आल्यावर त्याने मला तळघरात ठेवले आणि पोटातले पेट्रोल काढायचे विसरला. पेट्रोलाचा हळूहळू डिंक झाला. पुढे एकदा त्याने मला चालू करायला दोरी ओढली, ती तुटून त्याच्या हातात आली. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. तळघराला एक खिडकी होती. पलीकडे बर्फ, अलीकडे मी. अशी काही वर्षे गेली.

मग देवेशच्या ओळखीचे एक गोवेकर कुटुंब कायमचे परत निघाले. त्यांच्या कंटेनरात थोडी जागा होती. देवेशने आईवडिलांसाठी रजया, जाकिटे असे सामान भरले आणि तळाशी मला आडवे घातले.

गोव्याहून मला न्यायला देवेशचे वडील हरिश्चंद्र आले. त्यांनी सगळे आयुष्य मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळण्यात घालवले होते. सोबत शेजारचा बाबू आणि त्याचा टेम्पो. बाबू एरवी त्या टेम्पोतून बर्फाच्या कारखान्यातल्या लाद्या बंदरावर पोचवतो, त्यामुळे आत शिरताच मला एक ओळखीचा गारवा जाणवला. तेवढ्याने मी हरखले. मला अजून काही माहीत नव्हते.

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर टेम्पो थांबवला. गोव्याहून येणाऱ्या गाडीत काय शोधतात ते तुम्हाला मोठेपणी कळेल. साहेबांनी माझ्या टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"हे काय आहे?"

"झिलान धाडल्यान," म्हणजे मुलाने पाठवले, एवढेच हरिश्चंद्र म्हणाले.

"अहो, पण आहे काय?"

"कॅनडातसून धाडल्यान."

साहेबांनी बाबूकडे पाहिले. बाबू म्हणाला, "साहेब, ता तेंकाय म्हायत नाय. पण झिलान धाडल्यान ह्या मात्र खरां."

मला सोडून दिले.

घरी पोचल्यावर व्हिडिओ कॉलवर देवेशला विचारणे झाले. देवेशची आई काशीबाई पडवीत बांगडे साफ करत होती. देवेश म्हणाला, "बाबा, ता बर्फाक भोक पाडूचा मशीन. भोकातसून मासे धरतत."

काशीबाईने विळी थांबवली. "बर्फात मासे नसतत रे. माशांत बर्फ घालतत. थंय जावन इतक्याय विसारलंस?"

"आये, थंय तळ्या गोठता. मासे खाली जिते रवतत."

काशीबाईने हातातल्या बांगड्याकडे असे पाहिले, जणू त्यानेच प्रयत्न कमी केले होते.

"चलता काय ता?" हरिश्चंद्रांनी विचारले.

"नाय बाबा, बिघाडला हा. तुमी बगा जमता काय. चालू झाला काय मी येतंय बगूक."

मित्रांनो, देवेश गेल्यापासून एकदाही घरी आला नव्हता. आधी रजा नव्हती, मग तिथे राहायच्या परवान्याचे कागद झाले नव्हते, मग तिकीट महाग होते. 'येतंय बगूक' हे तो 'या एकदा जेवायला' म्हणतात तसे म्हणाला. हरिश्चंद्रांनी ते वचन म्हणून घेतले. फोन ठेवून ते काशीबाईला म्हणाले, "ऐकलंस गो? चालू झाला काय येतलो."

त्या दिवसापासून माझ्या दुरुस्तीला लागले ते.

मला मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत, एका बाकावर निजवले. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजत घातले, त्यासाठी काशीबाईची कढई नेली. कार्बोरेटर उघडला, तर आत तपकिरी डिंक. त्याची बारीक भोके काशीबाईच्या गोधडीच्या सुईने मोकळी केली. पेट्रोलची नळी चिरली होती, ती बाजारातल्या सुदेशकडून आणली. सुदेश गवत कापायची यंत्रे दुरुस्त करतो आणि त्यांची नळी मला बसते. समुद्रापलीकडून येऊन मी गवत कापायच्या यंत्राची चुलत बहीण निघाले, याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले. आता वाटत नाही. तुटलेल्या दोरीच्या जागी जाळ्याची नायलॉन दोरी घातली आणि तिला खलाशी मारतात तशी गाठ मारली. ती गाठ अजून सुटलेली नाही.

काशीबाई दारात येऊन उभी राही.

"ऐकलात? माजी कढय खंय आसा?"

"कढय नंतर. झील आदी."

"झील कढयेत घालून उकडतास काय?"

पण दुसऱ्या दिवशी तिनेच आणखी एक जुने भांडे बाकावर आणून ठेवले.

सगळे जुळल्यावर हरिश्चंद्रांनी टाकीत पेट्रोल ओतले आणि दोरी ओढली. मी चालू झाले, किंचाळले आणि गप्प झाले. सुदेश धावत आला. त्याने टाकीचा वास घेतला. माझ्या नशिबी सगळे वास घेणारेच.

"तात्यानू, पेट्रोलात ऑइल मिसाळलास नाय?"

"ऑइल पेट्रोलात? ऑइल ऑइलच्या जागेर घालतत रे!"

"ह्या टू-स्ट्रोक. हेका जागा नाय."

"माजा आयुष्य डिझेलात गेला. पेट्रोलची लाडां माका कशी कळतली?" हरिश्चंद्र हसत म्हणाले, पण माझी दोरी त्यांनी मुठीतून सोडली नाही. मी कायमचे बसले असते तर देवेशचे येणेही बसले असते, असा त्यांचा हिशेब होता. सुदेशने मला उघडून पाहिले. माझे नशीब थोर, आत फक्त ओरखडा होता.

पुढच्या खेपेला हरिश्चंद्रांनी काहीही देवावर सोडायचे नाही असे ठरवले, म्हणजे देवालाच गाऱ्हाणे घालायचे ठरवले. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मला उभे केले, कुंकू लावले, समोर नारळ ठेवला. बाबू हात जोडून म्हणाला, "बा देवा रामेश्वरा, म्हाराजा! ह्या झिलान धाडलेला यंत्र चालू होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि ह्या यंत्राच्या निमतान झील घराक येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" हे हरिश्चंद्र एकटेच मोठ्याने म्हणाले. काशीबाईचे ओठ नुसते हलले.

नारळ फोडला. दोरी ओढली. मी चालू झाले. इतक्या वर्षांनी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कोंबड्या पळाल्या, कुत्रे मांगरामागे जाऊन बसले. हरिश्चंद्रांनी मला एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने फोन समोर धरला. "ऐकतंस मा रे? ऐकतंस?" ते ओरडत होते. देवेश कामावर होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "व्वा बाबा! मस्त! चतुर्थीक येतंय."

चतुर्थी आली, देवेश आला नाही. मग शिमग्याला येणार होता. मग पुन्हा चतुर्थीला. देवाने गाऱ्हाण्याचा पहिला भाग मंजूर केला होता आणि दुसरा पुढे ढकलला होता.

हरिश्चंद्रांनी मला मात्र तयार ठेवले. दर आयतवारी सकाळी मला बाहेर काढत, थोडा वेळ चालवत, टाकी रिकामी करत, पाती तेलाने पुसत. कॅनडातला म्हातारा आणि हे, दोघांची पुसायची तऱ्हा एकच होती. वाडीला माझ्या आवाजाने आयतवार कळू लागला. लोक मला मागायलाही येत. कुणाला माडाची रोपे लावायची असत, कुणाला लग्नाच्या मांडवाचे खांब रोवायचे असत. हरिश्चंद्र एकदाच भिडेला बळी पडले. मी वाळूत सुखाने उतरले आणि खालच्या जांभ्या दगडावर आपटले. पात्याचा टवका उडाला. ते पाते त्यांनी कानशीने घासून पुन्हा धारेला आणले आणि त्यानंतर बाबूलाही नाही म्हणाले.

"तुजो मांडव पडलो तरी चलात. ह्यां बर्फाचा आसा. बर्फातच जातला."

"बर्फ मिया देतंय, तात्यानू. रोज गाडी भरून न्हेतंय."

"आता नको. देवेश येतलो त्या दिसा हाड. तेच्यासमोर भोक पाडूया."

"एक लादी कित्याक? चार हाडतंय."

मी हे ऐकले आणि वाट पाहू लागले. माझ्यासारखीच वाट पाहणारे घरात आणखी दोघे होते, त्यामुळे एकटे वाटत नसे.

वैशाखातल्या एका दुपारी हरिश्चंद्र कढीभात जेवून पडवीत आडवे झाले आणि उठलेच नाहीत. यंत्राची दोरी ओढून ओढून छाती गेली, असे वाडीत काही जण म्हणाले. तसे नव्हते. त्या दिवशी आयतवार नव्हता.

देवेशला फोन गेला. तो म्हणाला, "मी येतंय. माज्यासाठी थांबा."

झील लांब असला की आमच्याकडे अग्नी द्यायला थांबतात. वैशाखात थांबायचे तर बर्फ लागतो. बाबूचा टेम्पो खळ्यात येऊन उभा राहिला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या माणसांनी खांद्यावर घेतल्या आणि मांगराच्या दारात मी उभे होते, तिथून माझ्यासमोरून पडवीत नेल्या. मी मोजल्या. चार होत्या. बाबू शब्दाचा पक्का आहे. शेवटची लादी नेताना त्याची नजर माझ्याकडे गेली. त्याने तोंड फिरवले.

बर्फ माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. माझ्या पात्यांना धार होती. मला कोणी बोलावले नाही, आणि बोलावू नये असेच मला वाटत होते. लाद्या वितळू लागल्या, तसे पडवीतले पाणी खळ्याच्या उताराने येऊन माझ्या टोकाशी साचले. मालवणच्या बर्फाशी माझी ओळख एवढीच.

गोव्याच्या विमानतळावरून देवेशला बाबूनेच आणले, इन्सुलीवरून, त्याच टेम्पोतून. या वेळी नाक्यावर कोणी काही विचारले नाही. गाऱ्हाण्याचा दुसरा भाग असा पुरा झाला. देवाकडे मागताना सविस्तर मागावे.

बारावे झाल्यावर काशीबाई देवेशला माझ्यापाशी घेऊन आली.

"तुज्या बापाशीन चालू केल्यान. तू म्हणलंस मा, चालू झाला काय येतंय म्हणान?"

देवेशने टाकीत पेट्रोल घातले, ऑइल मिसळलेले, आणि दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मी चालू झाले. इतके मला करता येण्यासारखे होते. तो मुठी धरून उभा राहिला आणि माझ्या थरथरीमुळे त्याचे खांदे हलताहेत असे सगळ्यांनी मानून घेतले. काशीबाई पायरीवर बसली.

"आयतवार वाटता," ती म्हणाली.

मी बंद झाल्यावर बाबूने विचारले, "पण देवेश, हयसर बर्फ नाय, काय नाय. तू ह्यां धाडलंस कित्याक?"

देवेशने आईकडे पाहिले. "बाबांका इंजिनां आवडतत. घराक बसान कंटाळतत म्हणान धाडलंय, तेंका कायतरी काम होयां."

"माका म्हायत होता," काशीबाई म्हणाली. तिने पदराने माझी टाकी पुसली. दुसऱ्या दिवशी देवेश परत गेला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करावा लागतो. तो करते. कोणतेही यंत्र ठेवून देण्याआधी त्याची टाकी रिकामी करा. आत राहिलेले पेट्रोल कुणाला दिसत नाही, पण सगळ्या वाटा बुजवते. आणि घरी म्हातारी माणसे असतील तर 'येतो' हा शब्द जपून वापरा. ती तो घेऊन दुरुस्त करत बसतात.

राहिला बाबूचा प्रश्न. कंटेनर भरला त्या दिवशी मी तळघरात होते, म्हणून मला उत्तर माहीत आहे. तिकडची कचऱ्याची गाडी पेट्रोलची यंत्रे उचलत नाही.