बावन्न पायऱ्यांचं भाडं

आक्काचे गुडघे आधी नुसते कुरकुरायचे. मग भांडायला लागले. आता तर विसाव्या पायरीलाच हात टेकतात.

दिवसभर रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांकडे बावन्न पायऱ्या. घडी घालताना ओळी जुळवायची तिची जुनी खोड. तीच जिन्यावरही सोबतीला यायची.

*पायरी गं पायरी, तुझी माझी सोबत*
*तू राहिलीस तरणी, मी चालले झुकत*

म्हणून मंगळवारी ती तळमजल्यावरची खोली पाहिली, तेव्हा आक्का आत न जाता आधी दारातच उभी राहिली. धुलाईखान्यापासून दोन गल्ल्या. चढायला फक्त एक उंबरा. तिने तो एकदा ओलांडला, परत बाहेर आली, पुन्हा ओलांडला. एजंट मुलगी हसली. "काकू, शनिवारपर्यंत ठेवते तुमच्यासाठी. फक्त बँकेचा क्रेडिट रिपोर्ट तेवढा मागवते. हे मालक स्कोअर बघितल्याशिवाय किल्ली देत नाहीत."

"बघू दे की. मी कुणाचं काही बुडवलं नाही."

गुरुवारी त्या मुलीचा फोन आला. मागे यंत्रं घरघरत होती. आक्काने दुसऱ्या कानात बोट घातलं.

"काकू, स्कोअरच येत नाहीये."

"कमी आलाय का गं?"

"कमी असता तर मी मालकांशी बोलले असते हो. तुमचं काहीच नाही तिथे. कर्ज नाही, कार्ड नाही, भाड्याची नोंद नाही. कोरं पान."

"भाड्याची नोंद कशी नाही? अकरा वर्षं भाडं भरतेय. आजारी पडले तरी अठ्ठावीस तारीख चुकली नाही माझी."

"कुणाच्या खात्यातून जातं?"

आक्काच्या हातातली चादर तशीच लोंबकळत राहिली.

अकरा वर्षांपूर्वी दोघं बहीणभाऊ त्या खोल्यांत राहायला आली, तेव्हा पगाराची चिठ्ठी मिळायची ती फक्त धाकट्याला. करार त्याच्या नावावर झाला. लग्न करून तो वेगळा राहायला गेला, पण करार तसाच राहिला. दर महिन्याच्या अठ्ठावीसला आक्का पाकिटात भाडं घालून त्याच्या हातात द्यायची, आणि तो एक तारखेला आपल्या मोबाईलवरून मालकांना पाठवायचा. कुणी काही लपवलं नव्हतं. बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं, इतकंच.

संध्याकाळी ती तशीच त्याच्याकडे गेली.

"या वन्सं," वहिनीने दार उघडलं. "आज अठ्ठावीस नाही, तरी कशा काय?"

"पाकीट नाही आणलं. बसू तरी देशील ना?"

धाकटा खाली नवी गाडी पुसत होता, हात झटकत वर आला. आक्काने सगळं सांगितलं. तो आधी हसला. "एवढंच ना? माझा स्कोअर बघ." मोबाईल तिच्यापुढे धरला. "सातशे नव्वद! बँकेतला माणूस म्हणाला, साहेब, तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस दाखवायला मिळत नाही. गाडीचं कर्ज अर्ध्या तासात."

"आणि ती शिस्त कशाची, ते सांगितलं का त्याने?"

त्याने यादी खाली सरकवली. घरभाडं, वेळेवर. घरभाडं, वेळेवर. घरभाडं, वेळेवर. ती ओळ संपेचना. त्याचं बोट हळू झालं, मग थांबलं. स्वतःच्या घराचं भाडं तर तो रोखीने द्यायचा, आणि बऱ्याचदा उशिरा.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "म्हणजे आपली गाडी वन्संच्या जिन्यावरून आली म्हणायची."

कुणी हसलं नाही. तीही नाही.

"आक्का," धाकटा खाकरला, "ती खोली माझ्या नावावर घेऊ. उद्या सही करतो. शनिवारी तू राहायला जा."

आक्काला वाटलं, हो म्हणावं. तो उंबरा डोळ्यांपुढे आला, गुडघे एकदम गप्प झाले, जणू तेही ऐकत होते. एक सही, आणि बावन्न पायऱ्या संपल्या.

"नको रे," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "परत पाकीट, परत तुझं नाव. उद्या तू गाव बदललंस, तर मी कोण? मी त्या घरात राहत होते हे तरी कुणाला कळेल? जुन्या घराचा करार माझ्या नावावर करून दे. भाडं माझ्या खात्यातून जाऊ दे. ती पोरगी म्हणाली, आठेक महिन्यांत दिसायला लागेल काहीतरी."

"आठ महिने चढणार तू?"

"अकरा वर्षं चढलेच की."

शनिवारी तळमजल्यावरची ती खोली एका नवरा-बायकोला गेली. आक्काने विचारलं नव्हतं, पण एजंट मुलीने कळवलं. "दुसरी लक्षात ठेवते, काकू. खालचीच."

पुढच्या अठ्ठावीस तारखेला जेवणाच्या सुट्टीत आक्का धुलाईखान्याच्या मागच्या बाकावर बसली. दिवसभर पाण्यात राहून बोटं सुरकुतली होती. मोबाईल तिचा अंगठा ओळखेना. तिने पदराला पुसला. नाही. फुंकर घातली. नाही. शेजारची बाई म्हणाली, "अगं, भाडं भरतेस का देव पुजतेस?" चौथ्यांदा अंगठा लागला. पैसे गेले. पडद्यावर तिचं नाव आलं, आणि त्याच्यापुढे एकच ओळ. घरभाडं, वेळेवर.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. घंटा झाली तेव्हा उठताना गुडघा कडकडला.

संध्याकाळी जिन्यात अंधारून आलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, सव्विसाव्या पायरीपाशी, कुणीतरी खिळे ठोकत होतं. धाकटा. भिंतीला घडीची एक लाकडी फळी बसवत होता, बसता येईल एवढी. कपाळावर भुसा.

"मालकांना विचारलंय," तो मान वर न करता म्हणाला. "बस. बघ हलते का."

आक्का बसली. फळी हलली नाही. तो तिच्या पायाशी पायरीवर बसला, हातोडी मांडीवर घेऊन.

मग ती उठली. वर अजून सव्वीस होत्या.