माल लालवर

अमीटरचा काटा उजवीकडे जायचा सोडून डावीकडे आपटला आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेले प्रयोगशाळेचे शिपाई आकाराममामा ताडकन उठले.

"बंद कर! बंद कर आदी! पोरी, मीटर कॉलेजचं हाय. काटा मोडला तर तुझा बाप आणून देणार हाय व्हय?"

दीपानं कळ ओढली. सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे बघत होती. ही काही पहिली खेप नव्हती. मागच्या आठवड्यात हेच टेबल होतं, हाच काटा होता आणि मामाही असेच ओरडले होते. मगदूम सर आले, वाकून जोडणी बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा उलटी. लाल वायर धन टोकाची असते. बॅटरीच्या डब्यावर खूण आहे, मीटरवरही आहे. तरी कसं चुकतं?"

"आता नाही चुकणार, सर."

"परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. उलटी जोडणी चालू केली तर ते विद्यार्थ्याला टेबलावरून उठवतात. मी मध्ये बोलू शकत नाही." सरांनी चष्मा पुसला आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. मुलांना बोलताना सरांनाच अवघडल्यासारखं व्हायचं.

दीपा हुपरीची. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो. पण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र आडवं आलंच. गणित सोडलेल्या मुलांसाठी कॅल्क्युलस वगळून केलेला पेपर होता तो. पहिलं सत्र कसंबसं पार पडलं. दुसऱ्या सत्रात वीज आणि चुंबक आले आणि सर फळ्यावर सूत्र लिहून म्हणू लागले, "हे कॅल्क्युलसनं सिद्ध होतं. तुम्ही मान्य करून पुढं चला." दीपाला मान्य करून पुढं जाणं जमत नसे. ती मागंच रेंगाळायची आणि चाचणीच्या पेपरात ते दिसायचं.

तिला सूक्ष्मजीवशास्त्र हवं होतं. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या बाया तिनं शाळेच्या सहलीत पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून मनात दुसरं काही आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला त्या विषयाच्या जागा थोड्या, आणि मागं एखादा विषय राहिला असेल तर नाव शेवटी जातं. लेखीचा भरवसा नव्हता. प्रॅक्टिकलनं हात दिला तरच भौतिकशास्त्र सुटणार होतं, आणि प्रॅक्टिकलमध्ये तिचा हातच उलटा चालत होता.

"मी सांगतो ऐक," तिच्या वर्गातली वर्षाराणी कँटीनमध्ये म्हणाली. ती कागलची, ऊसवाल्यांच्या घरातली, तोंडानं फटकळ. "तळहातावर लिहून ये. लाल म्हंजे अधिक. एवढं बारकं पोरगंबी करंल."

"मला माहीत आहे गं. डोक्याला माहीत आहे. हात ऐकत नाही."

"तुझ्या हाताला काय भूत लागलंय?"

दीपा हसली, पण हाताला काय लागलंय ते तिला त्याच क्षणी कळलं.

तिच्या घरी पैंजणं व्हायची. पुढच्या खोलीत तिचे वडील, अण्णा, आणि दोन कारागीर डाग देऊन कड्या सांधायचे, मागच्या पडवीत आई मुलामा चढवायची. मुलाम्याच्या टाकीत एका बाजूला शुद्ध चांदीचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला तारेवर टांगलेली पैंजणं असत. टाकीशेजारच्या डब्यातून वीज सोडली की पत्र्याची चांदी पाण्यातून येऊन पैंजणांवर बसायची. कधीतरी डब्याची काळी वायर जळाली, घरात लालच शिल्लक होती, ती ऋण टोकाला लावली गेली. दोन्ही लाल नकोत म्हणून पुढं धन टोकाला काळी आणून लावली. कुणी केलं ते आता कुणाला आठवतही नव्हतं. पण घरात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिलं वाक्य तेच सांगितलं जायचं: माल लालवर, पत्रा काळ्यावर. दीपा चालायला लागल्यापासून ते ऐकत होती. लाल म्हणजे ऋण, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला भूक लागते हे कुठं कुणी शिकवतं?

म्हणजे चूक आपली नाही, टाकीची आहे. या विचारानं तिला एवढं हलकं वाटलं की हुपरीच्या गाडीत उभं राहूनही ती गुणगुणत होती.

रविवारी सकाळी आई-अण्णा जैन बस्तीत दर्शनाला गेले होते. दीपानं डबा बंद केला, पाना घेतला आणि दोन्ही वायरी अदलाबदल करून बरोबर जागी लावल्या. लाल धनावर, काळी ऋणावर. पुस्तकात असतं तसं. आई आली की सांगू म्हणून ती केस धुवायला गेली.

आई आली ती घाईत. सोमवारी माल व्यापाऱ्याकडं पोचवायचा होता. तिनं पदर खोचला, पैंजणांची माळ उचलली आणि लालवर टांगली. डबा चालू करून ती चुलीकडं वळली.

दीपा ओल्या केसांनी पडवीत आली तेव्हा आई टाकीत वाकून बघत होती. तारेवरच्या पैंजणांचं तेज उतरलं होतं. राखेत लोळवल्यासारखी ती करडी दिसत होती, आणि त्यांच्यावरची चांदी उलट पत्र्यावर जाऊन खरखरीत बसली होती.

"अहो," आईनं हाक मारली, "जरा इकडं या."

अण्णा आले. टाकी बघितली, मग डबा बघितला, मग दीपाकडं. "तू केलंस?"

"अण्णा, आपलंच उलटं होतं. लाल धनावरच पायजे. पुस्तकात..."

"असंल की. तू बरोबर असशील. मी न्हाय म्हणत न्हाय." अण्णांचा आवाज चढला नाही, त्यानं तिला जास्त लागलं. "पर सांगायचं हुतंस का न्हाय? तुझ्या आईचा हात आज इतकी वर्षं लालवर जातोय. तो काय पुस्तक वाचून जातोय?"

"मला कशाला मधी घेता," आई म्हणाली. "दीपा, केस बांध आणि बस हितं. पॉलिश पयल्यापासनं करायला लागणार."

सगळा दिवस माय-लेकी घासत बसल्या. सूर्य कलला तशी आईनं तिला हातातलं टाकून जेवायला उठवलं, कारण त्या घरात दिवे लागल्यावर कुणी जेवत नसे. दीपा पानावर बसली आणि भाकरीचे तुकडे करत राहिली. आपल्या घरी जे चुकीचं होतं, त्यानं एवढी वर्षं कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आज, बरोबर केल्यावर. हे कोणत्या धड्यात बसतं?

जेवणाआधीच अण्णांनी वायरी पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या होत्या.

सोमवारी तास संपल्यावर ती मगदूम सरांच्या मागं गेली आणि व्हरांड्यातच सगळं सांगून टाकलं. आपल्यावर हसतील असं तिला वाटलं होतं. सर हसले नाहीत. ते भिंतीला टेकले.

"लाल म्हणजे धन, हे वीज कुठं सांगते? ते माणसांनी ठरवलंय," ते म्हणाले. "आणि त्याच्याही आधीचं ऐका. धारा धन टोकाकडून निघते असं मी शिकवलं ना? तारेत जे खरोखर सरकतं ते ऋण टोकाकडून निघतं. उलटं."

"मग आम्ही चुकीचं शिकतो?"

"चुकीचं नाही. ठरवलेलं. ठरवलं तेव्हा आत काय सरकतं ते कुणाला माहीत नव्हतं. पुढं कळलं, तोवर सगळ्यांचे हात बसले होते. सगळ्यांनी मिळून एकच बाजू धरली की चालतं. तुमच्या घरी चालतंच आहे की." त्यांनी खडूचे हात झटकले. "बाकीच्या सूत्रांना मी म्हणतो, कॅल्क्युलस येत नाही म्हणून मान्य करा. हे मात्र कॅल्क्युलस येणाऱ्यालाही मान्यच करावं लागतं. मी नीट सांगितलं का, कुणास ठाऊक."

"सांगितलंत, सर."

"मग रंग सोडा. वायर कुठून निघते ते बघा."

रंग सोडा, हे म्हणायला सोपं होतं. दीपानं रात्री अंथरुणावर त्यावर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल नसताना प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"आज तुमची बॅच न्हाय," आकाराममामा म्हणाले.

"मामा, असा डबा आहे का, ज्याच्या दोन्ही वायरी काळ्या?"

"दोनी काळ्या? कशाला, करणी करायची हाय?"

"हाताला धरायला काहीच नको मला. रंग दिसला की हात पळतो."

मामांनी किल्ली शोधली. मग कपाट उघडून पाठीमागचा एक धुळकट डबा काढला. "ह्यो घे. सरांस्नी इचारलंय न्हवं?"

"विचारलंय."

"काटा मोडलास तर मी वळखत न्हाय तुला."

तिनं टेबलावर सगळं मांडलं. दोन्ही वायरी काळ्या म्हटल्यावर हात बावरले. लाल नव्हती, त्यामुळं कुठं धावावं ते त्यांना कळेना. दीपानं डब्यावरची अधिकची खूण शोधली आणि तिथं बोट ठेवलं. इथून निघाली. बोट वायरीवरून सरकवत नेलं. मीटरमध्ये अधिकनं आत, वजानं बाहेर. पुढं रोधातून, तिथून परत डब्याकडं. गावातल्या गल्लीतून पाहुण्याला घर दाखवायला न्यावं तसं बोट वळणावळणानं गेलं. कळ लावली. काटा उजवीकडं सरकला.

तिनं सगळं सोडलं आणि पुन्हा जोडलं. मामा दार लावायला किल्ल्या वाजवू लागले तोवर ती जोडत होती. त्या दिवशी गाडी चुकली, घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते, आणि आईनं ताट झाकलंसुद्धा नव्हतं, उचललं होतं. "शिकायचं ते शिक, पर उपाशी कशाला मरतीस?" आई म्हणाली. दीपा पाणीसुद्धा न पिता झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

सकाळी मात्र ती गाडीआधी पडवीत यायची, आईच्या हातातली माळ घ्यायची आणि लालवर टांगायची. आई म्हणाली, "आता कशाला गोंधळ करून घेतीस? तुझी परीक्षा हाय."

"गोंधळ होतो का तेच बघतोय, आई."

पहिले काही दिवस झालाही. मग तिच्या ध्यानात आलं की टांगताना आपलं लक्ष वायरीवर नसतं, डब्यावर असतं. ही ऋणातून निघालीय, म्हणून माल हिच्यावर. लाल आहे ती योगायोगानं.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत पंखे गरगरत होते आणि तरी सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या. परीक्षक बाई सांगलीकडच्या, चष्मा दोरीला अडकवलेल्या, कुणाशी एक शब्द जास्त न बोलणाऱ्या. दीपाच्या चिठ्ठीत तोच प्रयोग आला. रोध काढा. टेबलावरच्या डब्याला नवी कोरी लाल वायर होती, आणि नवी कोरी काळी.

पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला बाईंनी बाजूला उभं केलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. मगदूम सर दारापाशी हातात हात धरून उभे होते आणि कुणाकडंच बघत नव्हते.

दीपानं जोडणी केली.  मग कळ न लावता तिनं अधिकवर बोट ठेवलं आणि निघाली. अमीटर, अधिकनं आत, वजानं बाहेर. रोध. परत डबा. ठीक. मग व्होल्टमीटर. इथं बोट थांबलं. व्होल्टमीटरच्या दोन्ही वायरी अदलाबदल झाल्या होत्या. लाल वजावर गेली होती. हात एवढ्या दिवसांनी चोरून पळालाच होता.

तिनं स्क्रू सैल केले, वायरी बदलल्या, स्क्रू आवळले आणि हात वर केला.

बाई आल्या. "झाली? चालू करू?"

"एक मिनिट, मॅडम."

"आत्ता तर हात वर केलात."

"बदल केलाय. पुन्हा बघू दे."

बाईंनी भुवया उंचावल्या, पण थांबल्या. दीपाचं बोट पुन्हा अधिकवरून निघालं. लाल दिसत होती, काळी दिसत होती, दोघींना ती ओळखतही नसल्यासारखी बोट पुढं नेत राहिली. प्रत्येक ठिकाणी आत कुठून, बाहेर कुठून. घाई केली नाही. मागून कुणीतरी खोकलं, तरी केली नाही. व्होल्टमीटरपाशी ती मुद्दाम दोनदा फिरली.

"करा," ती म्हणाली.

"तुम्हीच करा."

दीपानं कळ लावली. दोन्ही काटे उजवीकडं सरकले, जरा हलले आणि ठरले.

बाईंनी आपल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या. दीपानं पेन उघडलं, पहिलं रीडिंग लिहिलं, आणि दुसऱ्यासाठी सरकता रोध थोडा पुढं ढकलला.